सेटो वा: हाँगकाँगचे हेडमास्तर आणि लोकशाहीचे कार्यकर्ते – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाँगकाँगच्या लोकशाही चळवळीबद्दल आपल्याकडे जे छापून येतं, त्यात छत्र्या घेतलेली मुलं दिसतात, अश्रुधूर दिसतो. त्या मुलांच्या कितीतरी आधी चाळीस वर्षं जो माणूस संघटना बांधत राहिला, तो दिसत नाही. मी पेशाने शिक्षक आहे. शिक्षकांच्या गप्पांत सेटो वा यांचा विषय काढला की थोड्याफार फरकाने तेच ते प्रश्न येतात. ते प्रश्न आणि मला देता येतील ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सेटो वा म्हणजे नेमके कोण?

हाँगकाँगमधल्या एका प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक. तिथल्या सर्वांत मोठ्या शिक्षक संघटनेचे संस्थापक. १९८५ ते १९९७ आणि पुन्हा १९९८ ते २००४ या काळात कायदेमंडळाचे सदस्य. १९८९ च्या तिआनआनमेन हत्याकांडातल्या मृतांसाठी दर ४ जूनला मेणबत्ती सभा भरवणाऱ्या ‘अलायन्स’ या संस्थेचे अखेरपर्यंत अध्यक्ष. जन्म २८ फेब्रुवारी १९३१, मृत्यू २ जानेवारी २०११.

ही सगळी पदं खरी आहेत, पण माझ्या लेखी त्यांची खरी ओळख एकच. ते संघटनेचा माणूस होते. सभा गाजवणारे वक्ते हाँगकाँगला बरेच मिळाले. वर्गणी गोळा करणारा, यादी ठेवणारा, बैठकीचं इतिवृत्त नीट लिहिलं आहे ना ते पाहणारा नेता क्वचित मिळतो.

नावात आडनाव कोणतं? आणि ‘वा काका’ हे काय आहे?

चिनी पद्धतीप्रमाणे आडनाव आधी येतं. ‘सेटो’ हे दोन अक्षरी जोडआडनाव आहे. बहुतेक चिनी आडनावं एकाक्षरी असतात, म्हणून हे चटकन लक्षात राहतं. ‘वा’ हे त्यांचं नाव, आणि त्याच अक्षराचा एक अर्थ चीन असाही होतो. हाँगकाँगचे लोक त्यांना ‘वा सुक’ म्हणत. सुक म्हणजे काका, वडिलांचा धाकटा भाऊ. आपण आडनाव सोडून नुसत्या नावाला काका जोडतो, तसंच.

त्यांचं बालपण कसं गेलं?

जन्म हाँगकाँगचा, मूळ गाव दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातलं कायपिंग. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हाँगकाँग घेतलं तेव्हा वा दहा वर्षांचे होते. कुटुंब मूळ गावी गेलं आणि युद्ध संपल्यावर परत आलं. क्वीन्स कॉलेज या जुन्या सरकारी शाळेत शिक्षण झालं. पुढे ग्रँथम अध्यापक महाविद्यालयात प्रशिक्षण घेऊन १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ते शिक्षक झाले.

ते आधी कम्युनिस्ट होते, हे खरं आहे का?

तरुणपणी डाव्या विचारांकडे ओढा होता, हे खरं. १९४९ साली ते कम्युनिस्टांच्या युवक संघटनेत सामील झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या एका विद्यार्थी मंडळात, हॉक याव क्लबमध्ये, ते पहिल्यापासून होते. नाटक, वाचन, सहली अशा कार्यक्रमांतून मुलांना जोडायचं, हे त्या मंडळाचं काम. पुढे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्यांना तिथून बाजूला सारण्यात आलं.

हा भाग बरेच लोक लपवून सांगतात, किंवा आरोप केल्यासारखा सांगतात. मला तो त्यांच्या आयुष्याची किल्ली वाटतो. माणसं कशी जोडायची, शिस्तीने काम कसं करायचं, हे ते तिथे शिकले. आणि वरून आलेल्या एका निरोपाने वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला कसं दूर करतात, हेही त्यांनी तिथेच पाहिलं. नंतर त्यांनी बांधलेल्या प्रत्येक संस्थेत नियमावली, निवडणूक आणि हिशेब यांवर इतका भर का होता, ते यावरून समजतं.

ते कोणत्या शाळेत होते?

१९६१ पासून क्वुन टाँग भागातल्या एका प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक. ग्रँथम महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी चालवलेली ही शाळा. क्वुन टाँग म्हणजे त्या काळची कारखान्यांची वस्ती. चीनमधून आलेल्या निर्वासितांची कुटुंबं, सरकारी इमारतींतल्या छोट्या खोल्या, कापड आणि प्लॅस्टिकच्या कारखान्यांत राबणारे आईबाप. गिरणगावातली पालिकेची शाळा डोळ्यांसमोर आणा, चित्र बरंचसं जुळेल.

त्या खुर्चीवर ते १९९२ पर्यंत होते. म्हणजे १९८५ पासून सात वर्षं एकाच वेळी मुख्याध्यापक आणि कायदेमंडळाचे सदस्य.

१९७३ चा शिक्षकांचा संप कशावरून झाला?

पगारावरून, आणि पगाराआड दडलेल्या मानावरून. हाँगकाँगच्या प्राथमिक शाळा मुख्यतः पदवी नसलेल्या, पण अध्यापक महाविद्यालयातून प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांच्या जिवावर चालत. आपल्याकडच्या डी.एड. झालेल्या गुरुजी-बाईंसारखे. ब्रिटिश वसाहत सरकारने त्यांची वेतनश्रेणी खाली आणायचं ठरवलं. तोवर ज्यांच्या बरोबरीने धरलं जायचं, त्या इतर सरकारी नोकरांच्या खाली शिक्षक जाणार होते.

तेव्हा शिक्षकांच्या संघटना नव्हत्या असं नाही. होत्या, पण विखुरलेल्या: कुणी अनुदानित शाळांची, कुणी सरकारी शाळांची, कुणी एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची. सेटो वा यांनी त्यांना एका टेबलाभोवती आणलं. एप्रिल १९७३ मध्ये संप झाला. प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत जाण्याची परीक्षा तोंडावर होती आणि तिच्या कामावर बहिष्कार टाकण्याची शिक्षकांची तयारी होती. शेवटी धर्मगुरूंनी मध्यस्थी केली आणि सरकार बोलणी करायला तयार झालं.

संप मिटला की संयुक्त समित्या विरघळतात. आपण हे किती वेळा पाहिलं आहे. सेटो वा यांनी ती विरघळू दिली नाही. त्याच वर्षी तिच्यातून हाँगकाँग प्रोफेशनल टीचर्स युनियन उभी राहिली आणि १९७४ ते १९९० अशी सोळा वर्षं ते तिचे अध्यक्ष होते.

ही संघटना इतकी मोठी कशी झाली?

इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडच्या संघटनांनी बघण्यासारखं हेच आहे.

संघटनेने सभासदांसाठी स्वस्त विक्रीचं दुकान चालवलं. तांदूळ, तेल, साबण, घरात लागणाऱ्या विजेच्या वस्तू सगळं रास्त दरात. दवाखाना काढला, दाताच्या डॉक्टरांची सोय केली. शिक्षकांसाठी वर्ग घेतले, वृत्तपत्र काढलं, कुणावर शाळेने अन्याय केला तर कायद्याची मदत दिली. संध्याकाळी शाळा सुटल्यावर एखादी शिक्षिका तांदळाची पिशवी घ्यायला संघटनेच्या जागेत यायची, तिथेच फलकावर पुढच्या सभेची सूचना वाचायची आणि वर्गणी भरून जायची. राजकारणाबद्दल तिचं मत काहीही असो, संघटना तिच्या रोजच्या जगण्यात होती.

चळवळीच्या काही मित्रांना ‘दुकान चालवणं’ हे कमी प्रतीचं काम वाटतं. मला तसं वाटत नाही. सभासदांच्या पैशांवर उभी असलेली संघटना कुणाची मिंधी नसते. सरकारचं अनुदान नाही, कुणा शेठचा आश्रय नाही. पुढे संघटनेने न घाबरता भूमिका घेतल्या त्याचं मूळ या हिशेबाच्या वह्यांत आहे. अखेरच्या काळात सभासद सुमारे ९५,००० होते आणि एकाच व्यवसायातल्या लोकांची हाँगकाँगमधली ती सर्वांत मोठी कामगार संघटना होती.

पगाराव्यतिरिक्त त्यांनी कोणते प्रश्न हाती घेतले?

दोन सांगतो.

पहिला भाषेचा. हाँगकाँगमध्ये बहुसंख्य लोक चिनी बोलणारे, पण राज्यकारभार इंग्रजीत. चिनीला राजभाषेचा दर्जा मिळावा म्हणून चळवळ झाली आणि १९७४ साली कायद्याने तो मिळाला. शाळेत मातृभाषेला मान मिळावा म्हणून त्यानंतरही काम चालू राहिलं. सेटो वा या कामात सहभागी होते. आपल्याकडे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यामुळे आपल्याच लोकांच्या कचेरीत आपल्या भाषेसाठी भांडावं लागतं म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

दुसरा एका शाळेचा. प्रेशस ब्लड गोल्डन ज्युबिली या मुलींच्या माध्यमिक शाळेत आर्थिक गैरव्यवहार शिक्षकांनी उघड केला. गैरव्यवहार बाहेर काढणाऱ्यांनाच त्रास सुरू झाला. शिक्षक आणि विद्यार्थिनी धरणं धरून बसल्या, आणि मे १९७८ मध्ये सरकारने ती शाळाच बंद करून टाकली. शिक्षक संघटना त्या मुलींच्या पाठीशी राहिली. चौकशी समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून आंदोलक मुलींसाठी नवी शाळा काढावी लागली. शाळकरी मुली, त्यांचे शिक्षक आणि पालक मिळून वसाहत सरकारला एक पाऊल मागे घ्यायला लावू शकतात, हे हाँगकाँगने तेव्हा पाहिलं.

ते कायदेमंडळात कसे गेले? थेट निवडणुकीतून?

नाही. १९८५ पर्यंत हाँगकाँगच्या कायदेमंडळात निवडून आलेला एकही सदस्य नव्हता, सगळे सरकारी किंवा नेमलेले. त्या वर्षी पहिल्यांदा २४ जागांसाठी निवडणूक झाली, तीही अप्रत्यक्ष. त्यातल्या १२ जागा व्यवसायांनुसार होत्या: वकील, डॉक्टर, व्यापारी, शिक्षक वगैरे. शिक्षकांच्या जागेवरून सेटो वा निवडून आले.

मराठी माणसाला ही कल्पना लगेच समजते, कारण आपल्या विधान परिषदेतही शिक्षक मतदारसंघ आहे. ७८ पैकी ७ जागा शिक्षकांच्या, ७ पदवीधरांच्या. पण दोन फरक आहेत. आपल्याकडे विधान परिषदेशेजारी लोकांनी थेट निवडलेली विधानसभा आहे. हाँगकाँगमध्ये तेव्हा तसं काहीच नव्हतं. दुसरा फरक मला जास्त बोचतो. आपल्या राज्यघटनेच्या कलम १७१ प्रमाणे शिक्षक मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच मत आहे. हाँगकाँगमध्ये प्राथमिक शिक्षकही मतदार होते, आणि त्यांनी एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकाला निवडून पाठवलं. आपल्याकडे त्याच माणसाला, तो प्राथमिक शाळेत आहे म्हणून, त्या मतदारसंघात मतदानच करता आलं नसतं.

चीन सरकारनेच त्यांना घटना लिहायला बोलावलं होतं ना?

होय. १९८४ च्या चीन-ब्रिटन करारानुसार १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे जाणार होतं. त्यानंतरचा कारभार ज्या मूलभूत कायद्याने चालायचा, त्याच्या मसुदा समितीवर बीजिंगने १९८५ मध्ये सेटो वा आणि बॅरिस्टर मार्टिन ली या दोघांना घेतलं. समितीत लोकशाहीच्या बाजूचे असे हे दोघेच ठळक आवाज होते.

याच काळात दाया बे अणुऊर्जा प्रकल्पाचा प्रश्न पेटला. प्रकल्प चीनच्या हद्दीत, हाँगकाँगपासून साधारण ५० किलोमीटरवर. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिल झालं आणि लोक धास्तावले. प्रकल्प थांबवा म्हणणाऱ्या संयुक्त समितीचं नेतृत्व सेटो वा यांच्याकडे होतं. दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या, त्या वेळच्या हाँगकाँगची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास असताना. प्रकल्प तरीही झाला.

१९८९ मध्ये त्यांनी काय केलं?

बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात लोकशाहीच्या मागणीसाठी विद्यार्थी उपोषणाला बसले होते. २० मे रोजी तिथे लष्करी कायदा पुकारला गेला. त्या दिवशी हाँगकाँगवर चक्रीवादळ आलेलं, ८ नंबरचा बावटा लागलेला. त्या बावट्यावर शाळा, कचेऱ्या, बस सगळं बंद होतं आणि लोकांनी घरात थांबायचं असतं. तरी हजारो लोक पावसात भिजत रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी, २१ मे रोजी, प्रचंड मोर्चा निघाला. संख्या दहा लाख सांगितली जाते. त्याच दिवशी ‘चीनमधील देशभक्त लोकशाही चळवळीला पाठिंबा देणारी हाँगकाँग अलायन्स’ स्थापन झाली. अध्यक्ष सेटो वा.

४ जूनला बीजिंगमध्ये रणगाडे आले आणि आंदोलकांची कत्तल झाली. पुढे जे झालं त्यातली एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. ७ जूनला हाँगकाँगमध्ये सार्वत्रिक बंद आणि मोठी सभा ठरली होती. लोकांचा संताप शिगेला पोचलेला. त्या पहाटे माँग कॉक भागात दंगल झाली. आयोजकांपुढे प्रश्न आला: कार्यक्रम करायचा की नाही? सेटो वा यांनी तो रद्द करायला लावला. लाखोंच्या गर्दीत एखादा गट घुसून हिंसा घडवेल आणि सगळ्या चळवळीच्या माथी ते पाप मारलं जाईल, ही भीती होती. दुःखाने पेटलेल्या लोकांना ‘आज घरी थांबा’ असं सांगायला छातीत बळ लागतं. मला त्यांच्या साऱ्या भाषणांपेक्षा हा निर्णय मोठा वाटतो.

चीनमधून पळालेल्या विद्यार्थी नेत्यांना समुद्रमार्गे हाँगकाँगला आणून परदेशी पाठवण्याचं गुप्त काम त्यानंतर बरंच चाललं. त्यात अलायन्सशी संबंधित माणसंही होती.

सेटो वा आणि मार्टिन ली मसुदा समितीतून बाहेर पडले, आणि बीजिंगने त्यांचं सदस्यत्व रद्द केलं. बोलावून मानाची खुर्ची देणाऱ्यांच्या लेखी ते आता राज्य उलथवू पाहणारे ठरले.

मग ते चीनविरोधी होते का?

हा प्रश्न दर वेळी येतो आणि दर वेळी मला वाईट वाटतं. संस्थेच्या नावातच ‘देशभक्त’ हा शब्द आहे. जपानच्या पाठ्यपुस्तकांत युद्धाचा इतिहास पुसट केला गेला, त्या विरोधात १९८२ मध्ये उभे राहिलेल्यांत ते होते. चीन आणि जपान दोघेही ज्यांवर हक्क सांगतात, त्या दियाओयू बेटांच्या प्रश्नावर ते चीनच्या बाजूने बोलत. चिनी भाषा, चिनी कविता, चिनी सुलेखन यात त्यांचा जीव होता.

अलायन्सच्या मागण्या पाच: अटकेतल्या लोकशाहीवाद्यांना सोडा, १९८९ च्या चळवळीला न्याय द्या, कत्तलीची जबाबदारी निश्चित करा, एकपक्षीय हुकूमशाही संपवा, लोकशाही चीन उभारा. पाचवी मागणी नीट वाचा. त्यांना चीन तोडायचा नव्हता. त्यांना तो घडवायचा होता. पुढच्या पिढीतल्या अनेक तरुणांना तर त्यांचं हे चीनप्रेम खटकू लागलं. चीनचं काय व्हायचं ते होवो, आपण हाँगकाँगपुरतं पाहू, असं ती मुलं म्हणू लागली. सेटो वा यांना ते कधीच पटलं नसतं.

व्हिक्टोरिया पार्कमधली मेणबत्ती सभा कशी असायची?

१९९० पासून दर वर्षी ४ जूनला, संध्याकाळी आठला. बागेतली सहा फुटबॉल मैदानं, सिमेंटची. लोक रांगेने खाली बसायचे. प्रत्येकाच्या हातात पांढरी मेणबत्ती आणि तिच्याभोवती कागदाचा द्रोण, वाऱ्याने विझू नये आणि मेण बोटांवर सांडू नये म्हणून. शेजारच्याची मेणबत्ती विझली की आपल्या ज्योतीने पेटवून द्यायची. दिवे मालवले जायचे, मृतांची नावं वाचली जायची, पुष्पचक्र वाहिलं जायचं. आईबाप लहान मुलांना घेऊन यायचे आणि त्या अंधारात हळू आवाजात त्यांना गोष्ट सांगायचे.

सभा संपल्यावर काही लोक मागे थांबत. मैदानावर सांडलेलं मेण गुडघ्यांवर बसून पत्र्याने, पट्टीने खरवडून काढत. दुसऱ्या दिवशी तिथे मुलं फुटबॉल खेळायला येणार, ती घसरून पडू नयेत. या सभेत मला मास्तरांचा हात दिसतो तो इथे. कार्यक्रम झाल्यावर वर्ग झाडून जायचं.

पक्ष त्यांनी काढला का?

एप्रिल १९९० मध्ये युनायटेड डेमोक्रॅट्स ऑफ हाँगकाँग हा पक्ष निघाला. अध्यक्ष मार्टिन ली, आणि संस्थापकांत सेटो वा. सप्टेंबर १९९१ मध्ये कायदेमंडळाच्या १८ जागांसाठी पहिल्यांदा थेट मतदान झालं, त्यातल्या १२ जागा या पक्षाने जिंकल्या. सेटो वा शिक्षकांची सुरक्षित जागा सोडून पूर्व कौलून या मतदारसंघातून उभे राहिले आणि निवडून आले. क्वुन टाँग याच भागात येतं. तीस वर्षं ज्या वस्तीतल्या मुलांना शिकवलं, त्या वस्तीने मत दिलं. १९९४ मध्ये आणखी एक गट सामील होऊन डेमोक्रॅटिक पार्टी झाली.

१९९७ मध्ये सत्तांतराच्या मध्यरात्री निवडून आलेलं कायदेमंडळ बरखास्त झालं आणि त्यांची जागा गेली. १९९८ ला ते पुन्हा जिंकले. २००४ मध्ये उमेदवारी न करता बाजूला झाले.

२०१० चा वाद काय होता? त्यांनी तडजोड केली असं म्हणतात.

म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. सरकारने निवडणूक सुधारणांचा प्रस्ताव आणला होता. लोकशाहीवाद्यांतल्या एका गटाने पाच आमदारांचे राजीनामे देऊन पोटनिवडणुकीलाच सार्वमताचं रूप द्यायचं ठरवलं. सेटो वा यांनी त्याला विरोध केला. डेमोक्रॅटिक पार्टीने बीजिंगच्या हाँगकाँगमधल्या संपर्क कार्यालयाशी बोलणी केली आणि एक सुधारणा पदरात पाडून घेतली: कायदेमंडळात दहा जागा वाढल्या, आणि त्यातल्या पाच जागांसाठी ज्यांना व्यवसाय मतदारसंघात मत नव्हतं, अशा सर्व सामान्य मतदारांना दुसरं मत मिळालं. सेटो वा यांनी या मार्गाला पाठिंबा दिला.

तेव्हा ते फुप्फुसाच्या कर्करोगाने आजारी होते. कर्करोग मेंदूपर्यंत गेला आहे म्हणून ते असं वागत आहेत, असं त्यांच्याच बाजूच्या एका आमदाराने म्हटलं. चाळीस वर्षं एकत्र चालल्यावर हे ऐकून घ्यावं लागलं.

त्यांचा निर्णय बरोबर होता का? मी अनेक वर्षं याच्या दोन्ही बाजूंनी वाद घातला आहे. आज मला वाटतं, ज्या माणसाने आयुष्यभर पगाराच्या एकेका टप्प्यासाठी बोलणी केली, त्याने हाताशी आलेली पाच जागांची सुधारणा नाकारली असती तरच नवल होतं. त्याच वेळी, ज्यांनी नकार दिला त्यांची शंकाही खरी ठरली. त्यापुढे दुसरी पायरी आलीच नाही.

व्यक्ती म्हणून ते कसे होते?

अविवाहित, ख्रिस्ती, राहणी साधी. वृत्तपत्रांत वर्षानुवर्षं सदर लिहिणारे. आणि हस्ताक्षर सुंदर. चिनी नववर्षाच्या आधी व्हिक्टोरिया पार्कमध्ये फुलांचा बाजार भरतो. तिथे ते ब्रश घेऊन बसत आणि लाल कागदाच्या पट्ट्यांवर लोकांना नववर्षाच्या शुभेच्छांच्या ओळी लिहून देत. जमलेले पैसे चळवळीला. दारावर त्या पट्ट्या चिकटवण्याची चिनी रीत आहे, आपल्याकडे पाडव्याला तोरण बांधतात तशी. लोक रांगेत उभे राहत. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, ब्रश शाईत बुडवायचा, कडेला निथळवायचा आणि वरून खाली अक्षर उतरवायचं.

आपल्याकडच्या कुणाशी त्यांची तुलना करता येईल का?

अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी अनेकांना आठवतात. मला मात्र प्रा. ग. प्र. प्रधान आठवतात. फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे, आणीबाणीत तुरुंगात गेलेले, पुणे पदवीधर मतदारसंघातून अठरा वर्षं विधान परिषदेत राहिलेले. सभागृहात बोलतानाही वर्गातल्यासारखे, आवाज न चढवता. प्रधान सर २०१० मध्ये गेले, सेटो वा त्यानंतर काही महिन्यांनी. फरक सांगितलाच पाहिजे: आणीबाणी एकवीस महिन्यांनी उठली आणि लोकांनी मतपेटीतून उत्तर दिलं. सेटो वा यांच्या वाट्याला तो दिवस आला नाही.

त्यांचा शेवट कसा झाला?

जून २०१० च्या सभेला ते आजारपणातही आले होते. २ जानेवारी २०११ रोजी शा टिन इथल्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं, वयाच्या ७९ व्या वर्षी. कौलूनच्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये अंत्यविधी झाला. तिआनआनमेनचे विद्यार्थी नेते वांग दान आणि वुअर कायशी यांना निरोप द्यायला यायचं होतं, पण हाँगकाँगमध्ये प्रवेश मिळाला नाही. ज्या मुलांसाठी त्यांनी एकवीस वर्षं मेणबत्ती लावली, त्यांना त्यांच्या शवपेटीजवळ उभं राहता आलं नाही.

त्यांनी उभारलेल्या संस्था आज आहेत का?

नाहीत.

जून २०२० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. ३१ जुलै २०२१ रोजी चीनच्या सरकारी माध्यमांनी शिक्षक संघटनेला ‘विषारी गाठ’ म्हणून हिणवलं आणि त्याच दिवशी हाँगकाँगच्या शिक्षण खात्याने तिच्याशी संबंध तोडले. १० ऑगस्टला संघटनेने विसर्जनाची घोषणा केली. ४८ वर्षांची संघटना दहा दिवसांत. दुकान आवरलं, दवाखाना बंद झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये अलायन्स आणि तिच्या नेत्यांवर राज्य उलथवण्यास चिथावणी दिल्याचे खटले भरले गेले, आणि त्याच महिन्यात सभासदांनी अलायन्स विसर्जित करण्यासाठी मतदान केलं. डेमोक्रॅटिक पार्टीच्या सभासदांनी डिसेंबर २०२५ मध्ये तोच निर्णय घेतला.

आणि ४ जूनची सभा?

२०२० मध्ये साथीचं कारण देऊन परवानगी नाकारली गेली. त्यानंतर ती झालेली नाही. २०२३ पासून जूनच्या त्या दिवसांत व्हिक्टोरिया पार्कमध्ये चीनच्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या खाद्यपदार्थांची आणि वस्तूंची जत्रा भरवली जाते. बाहेर रस्त्यावर पोलीस असतात. कुणी हातात फूल घेऊन उभं राहिलं, तर त्याला बाजूला घेऊन विचारपूस होते. आत, जिथे लोक गुडघ्यांवर बसून मेण खरवडत, तिथे स्टॉल लागलेले असतात.